बिलाच्या तळाशी ‘सब्जेक्ट टू’

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कुठल्याही मार्केटात शिरा आणि कापडाचं एक बिल हातात घ्या. वर देवाचं नाव, खाली पेढीचं, मग जीएसटी नंबर, पार्टीचा पत्ता, तागे किती, मीटर किती, भाव काय, माल कुठल्या ट्रान्सपोर्टने गेला. एवढं सगळे वाचतात. सहीच्या जागेशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन-चार इंग्रजी ओळी असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. त्यांतली एक ओळ हटकून ठरलेली: ‘सब्जेक्ट टू सुरत ज्युरिस्डिक्शन.’

सुरतेच्याच लिंबायत भागात मी संध्याकाळी इंग्रजी पत्रव्यवहाराचा वर्ग घेतो. येणारी मुलं बहुतेक खानदेशी घरांतली. वडील कधीतरी भुसावळ-सुरत गाडीने उधन्याला उतरले आणि लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये लागले. मुलगा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकला आणि आता एखाद्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं बनवतो. घरी अहिराणी, शेठशी गुजराती, मारवाडी आडत्याशी हिंदी, आणि कोइम्बतूरच्या पार्टीला मेल मात्र इंग्रजीत. असाच एक जण एकदा बिलबुक घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘सर, सब्जेक्ट म्हणजे विषय ना? मग सुरत हा विषय कुठून आला?’’

हसण्यासारखा प्रश्न नव्हता. शाळेत ‘सब्जेक्ट’ म्हणजे गणित-भूगोल, व्याकरणात ‘सब्जेक्ट’ म्हणजे कर्ता, अर्जात ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषयाची ओळ. तिन्हीकडे ते नाम आहे. त्याच्यामागे ‘टू’ लागला की मात्र ती जोडगोळी आपल्या ‘च्या अधीन’ किंवा ‘च्या अटीवर’सारखी वागते, म्हणजे शब्दयोगी अव्ययाचं काम करते. फरक जागेचा. आपण ‘मंजुरीच्या अधीन’ म्हणतो, आधी मंजुरी आणि मग तिला चिकटलेलं शेपूट. इंग्रजीत शेपूट आधी येतं: ‘सब्जेक्ट टू अप्रूव्हल.’ म्हणून माझी पहिली सूचना अशी की हे शब्द दिसले की वाक्य डावीकडून वाचायच्या आधी ‘टू’च्या उजवीकडे काय आहे ते बघा. तिथे जे असेल ते मालक. डावीकडचं सगळं त्याच्या दावणीला बांधलेलं.

सुरतेच्या इतिहासातलंच उदाहरण घ्या. १६१३ च्या सुमारास इंग्रजांच्या कंपनीने इथे कोठी घातली, ती जहांगीर बादशहाच्या फर्मानावर. हे एका वाक्यात सांगायचं तर ‘द कंपनीज ट्रेड वॉज सब्जेक्ट टू द एम्परर्स फर्मान.’ डावीकडे कंपनीचा व्यापार, उजवीकडे बादशहाचं फर्मान. कोण कोणाच्या हाताखाली, हे दोन छोट्या शब्दांनी सांगून टाकलं. पुढे पारडं फिरलं, पण ते व्याकरणाबाहेरचं.

याच गावाचा आपल्या व्याकरणाशीही एक धागा आहे. १८३६ साली मराठी भाषेचं व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवायला होते, आणि १८४४ मध्ये समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. मराठीची शेपटं मोजून मांडणारा माणूस इथल्या पोरांना इंग्रजी शिकवत होता, हे मला वर्गात सांगायला आवडतं. पोरांना त्याचं काही वाटत नाही, ती गोष्ट वेगळी.

या जोडगोळीचे अर्थ तीन, आणि तिन्ही तुम्ही रोज बघता. पहिला अटीचा. ‘युअर अपॉइंटमेंट इज सब्जेक्ट टू मेडिकल फिटनेस.’ हजिऱ्याच्या एखाद्या कारखान्यातून असं पत्र आलं तर पेढे वाटायची घाई करू नका. डॉक्टरचा कागद आला तरच नोकरी. पावतीवर ‘सब्जेक्ट टू रियलायझेशन ऑफ चेक’ असतं, म्हणजे चेक वटला तर पैसे मिळाले असं धरू, नाही वटला तर ही पावती नुसता कागद. इथे मनातल्या मनात ‘तरच’ घालून बघा. वाक्य नीट बसलं की अर्थ अटीचा.

दुसरा अर्थ अमलाचा, म्हणजे हुकूम कोणाचा चालतो ते सांगणारा. ‘ऑल सेल्स आर सब्जेक्ट टू जीएसटी.’ इथे ‘तरच’ बसत नाही, ‘लागू’ बसतं. बिलावरचं सुरत ज्युरिस्डिक्शन याच घरातलं. तिसरा अर्थ जोखमीचा. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी श्वास न घेता म्हटलं जाणारं ‘सब्जेक्ट टू मार्केट रिस्क्स’ सगळ्यांना पाठ आहे. दरपत्रकाखालचं ‘प्राइसेस आर सब्जेक्ट टू चेंज’ हेही तेच: भाव बदलू शकतात, बदललेच पाहिजेत असं नाही. इथे मराठीत ‘अधीन’ लिहिलं की वाक्याला सरकारी वास येतो. ‘दर बदलाच्या अधीन आहेत’ असा बोर्ड मी पाहिलाय. ‘दर केव्हाही बदलू शकतात’ असं लिहायला रंग तेवढाच लागला असता.

चुका सगळ्यात जास्त ‘टू’च्या पुढे होतात. आपण लहानपणापासून ‘टू गो’, ‘टू कम’, ‘टू ईट’ घोकलेलं, त्यामुळे ‘टू’ दिसला की हात आपोआप क्रियापदाकडे जातो. त्या बिलबुकवाल्या मुलाने एका पार्टीला लिहिलं होतं, ‘वुई विल डिस्पॅच द गुड्स सब्जेक्ट टू क्लिअर युअर चेक.’ त्याला म्हणायचं होतं, तुमचा चेक वटला की माल पाठवतो. वाक्य तसं म्हणत नाही. इथला ‘टू’ क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे, म्हणून त्याला नाम लागतं. ‘सब्जेक्ट टू क्लिअरन्स ऑफ युअर चेक’ बरोबर. क्रियापदच वापरायचं असेल तर त्याला ‘इंग’ लावून नामाचं रूप द्या: ‘सब्जेक्ट टू रिसीव्हिंग युअर पेमेंट.’ ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’मध्ये ‘मीट’ न येता ‘मीटिंग’ का येतं, याचंही उत्तर हेच.

आणि ‘टू’च्या पुढे अख्खं वाक्य जोडायचं असेल, कर्ता-क्रियापदासकट, तर ही जोडगोळी सोडूनच द्या. ‘सब्जेक्ट टू यू पे बिफोर मंडे’ असं इंग्रजीत होत नाही. तिथे ‘प्रोव्हायडेड’ किंवा साधा ‘इफ’ घ्या: ‘वुई विल डिस्पॅच द गुड्स इफ यू पे बिफोर मंडे.’ साधं लिहिलं म्हणून कुठल्या पार्टीने माल परत केल्याचं मी ऐकलेलं नाही.

दुसरी चूक ‘सब्जेक्ट’ आणि ‘सब्जेक्टेड’ यांची गल्लत. ही जरा जवळून बघण्यासारखी आहे. डाइंग मिलच्या दोन चिठ्ठ्या घ्या. एकीवर आहे, ‘द क्लॉथ इज सब्जेक्ट टू अ कलर टेस्ट.’ दुसरीवर आहे, ‘द क्लॉथ वॉज सब्जेक्टेड टू अ कलर टेस्ट.’ पहिलीचा अर्थ, या कापडाला रंगाची चाचणी लागू आहे. झाली की नाही, कोणास ठाऊक. दुसरीचा अर्थ, चाचणी होऊन गेली. ताग्यासोबत पहिली चिठ्ठी आली आणि तुम्ही दुसरी समजून माल पुढे पाठवलात, तर पहिल्या धुण्यात रंग गेल्यावर भांडायला जागा उरत नाही. ‘सब्जेक्टेड’ हे क्रियापदाचं रूप आहे, कशाला तरी सामोरं जायला लावलं असा त्याचा अर्थ, म्हणून छळ, चौकशी, तपासणी असल्या गोष्टींबरोबर ते जास्त दिसतं. उच्चारही वेगळा. नाम किंवा जोडगोळी असेल तेव्हा जोर ‘सब’वर, क्रियापद असेल तेव्हा ‘जेक्ट’वर. ‘अवर गुड्स आर सब्जेक्टेड टू जीएसटी’ लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण मालाला कोणीतरी कोपऱ्यात घेऊन मारतंय असं चित्र डोळ्यापुढे येतं.

जीएसटीवरून आठवलं. हल्ली भाव व्हॉट्सॲपवर जातात आणि ‘रेट एटी-फाइव्ह, सब्जेक्ट टू जीएसटी’ असा मेसेज सर्रास दिसतो. याचा अर्थ फक्त एवढाच की या मालावर कर लागतो. तो पंच्याऐंशीत धरलाय की वर द्यायचाय, हे वाक्य सांगतच नाही. समजा ८५ रुपये मीटरने २,००० मीटर घेतलं, तर रक्कम झाली १,७०,०००. कर ५ टक्के आणि तो वरचा असेल, तर आणखी ८,५००. विकणारा म्हणणार, लिहिलं होतं ना सब्जेक्ट टू जीएसटी. घेणारा म्हणणार, तेच वाचून मी कर पंच्याऐंशीतच धरून चाललो होतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, आणि दलाल दोघांच्या मध्ये चहा पीत बसतो. ‘प्लस जीएसटी’ किंवा ‘जीएसटी एक्स्ट्रा’ लिहा, मिटलं. पैशाच्या जागी ‘सब्जेक्ट टू’ कमीत कमी वापरा असं मी वर्गात दर आठवड्याला सांगतो. भारी दिसणारा शब्द आणि स्पष्ट शब्द यांत पोरं अजूनही भारी शब्दच उचलतात.

जागेचंही बघायला हवं. हा तुकडा वाक्यात ज्याच्या शेजारी ठेवाल, त्यालाच तो बांधतो. ‘वुई विल टेक बॅक द गुड्स सब्जेक्ट टू चेकिंग अँड गिव्ह फाइव्ह पर्सेंट डिस्काउंट.’ इथे माल परत घेण्याला तपासणीची अट आहे. वटावाला ती आहे का? वाचणारा म्हणेल नाही, वटाव तर कबूल केलाय. दोन्हींना अट घालायची असेल तर तुकडा उचलून पुढे न्या आणि स्वल्पविराम द्या: ‘सब्जेक्ट टू चेकिंग, वुई विल टेक बॅक द गुड्स अँड गिव्ह फाइव्ह पर्सेंट डिस्काउंट.’ आता पुढचं सगळं वाक्य त्याच्या छत्रीखाली आलं. स्वल्पविराम विसरू नका. वाक्याच्या शेवटी तुकडा आला तर सहसा त्याची गरज नसते.

‘ॲज पर’ आणि ‘सब्जेक्ट टू’ यांची अदलाबदल ही कारकुनी सवय आहे. ‘ॲज पर सॅम्पल’ म्हणजे नमुन्याबरहुकूम, माल तसाच असेल असं वचन. ‘सब्जेक्ट टू सॅम्पल अप्रूव्हल’ म्हणजे नमुना पसंत पडला तरच पुढचं. एकात शब्द दिलाय, दुसऱ्यात राखून ठेवलाय. तसंच ‘सब्जेक्ट टू युअर कन्व्हीनियन्स’ लिहू नका, ‘ॲट युअर कन्व्हीनियन्स’ लिहा. समोरच्याची सोय ही अट नसते, ते साधं अगत्य असतं.

कायद्याच्या भाषेत मात्र या जोडगोळीला पर्याय नाही, कारण तिथे दोन नियमांची टक्कर झाली तर कोण वरचढ हे आधीच सांगून ठेवावं लागतं. राज्यघटनेचं धर्मस्वातंत्र्याचं २५ वं कलम याच शब्दांनी सुरू होतं. आधी सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य, मग धर्माचं आचरण. सरकारी मराठीत त्याला ‘च्या अधीनतेने’ म्हणतात. याच्या उलट कामाचा शब्द ‘नॉटविथस्टँडिंग’: दुसरीकडे काहीही म्हटलेलं असो, मी सांगतो तेच खरं. एक शब्द मान झुकवतो, दुसरा छाती काढतो.

आता बिलावरच्या त्या ओळीकडे परत येऊ, कारण तिच्यावरून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं गेली आहेत. ‘सब्जेक्ट टू सुरत ज्युरिस्डिक्शन’चा साधा अर्थ, तंटा झाला तर सुरतेच्या कोर्टात. पण सुरतेच्याच, की सुरतेच्यासुद्धा? गुजरातमधल्याच खेडा भागातली मेटॅलिक यार्न, म्हणजे जरीसारखा चमकता धागा, बनवणारी एबीसी लॅमिनार्ट ही कंपनी आणि सेलमची एपी एजन्सीज यांच्यात तंटा झाला. विक्रीच्या अटींत लिहिलं होतं की या विक्रीतून उद्भवणारा तंटा खेडा इथल्या अधिकारक्षेत्राच्या अधीन राहील, आणि शब्द हेच: ‘सब्जेक्ट टू’. घेणाऱ्याने दावा ठोकला सेलमला. १९८९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सेलमचं कोर्ट बाद होत नाही. ‘ओन्ली’, ‘अलोन’, ‘एक्सक्लुझिव्ह’ असा दरवाजा बंद करणारा शब्द या अटीत नाही.

मग २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या खटल्यात तशीच अट पुन्हा समोर आली. करार कोलकात्याच्या कोर्टांच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन राहील असं लिहिलेलं, ‘ओन्ली’ इथेही नव्हतं. स्वस्तिक गेली जयपूरला. या वेळी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं की ‘ओन्ली’ नसलं म्हणून बिघडत नाही. एका गावाचं नाव घेतलं, याचाच अर्थ बाकीची गावं वगळायचा इरादा होता. खटला कोलकात्याला. तेच दोन शब्द, चोवीस वर्षांच्या अंतराने वेगळा निकाल. व्याकरण म्हणजे मार्कांचा विषय असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

यातून बिलबुक छापणाऱ्याने उचलायचं ते असं. कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागेल या भरवशावर ‘ओन्ली’ गाळू नका; एका शब्दाची शाई वाचवून काय मिळणार? त्याहून चांगलं वाक्य आहे, ‘ऑल डिस्प्यूट्स आर सब्जेक्ट टू द एक्सक्लुझिव्ह ज्युरिस्डिक्शन ऑफ द कोर्ट्स ॲट सुरत.’ मात्र नुसतं छापून सुरतेचं कोर्ट तुमचं होत नाही. व्यवहाराचा काहीतरी भाग खरोखर सुरतेत घडलेला लागतो. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला दोन व्यापारी मिळून तो देऊ शकत नाहीत. शिवाय बिलाच्या तळाशी एकट्याने छापलेली ओळ समोरच्याने मान्य केली होती का, हा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून ऑर्डर घेतानाच, मेलवर किंवा सहीच्या कागदावर, ती अट समोर ठेवावी, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवावी.

तो बिलबुकवाला मुलगा आता नोकरीच्या जोडीला साडीच्या लेसचा छोटा धंदा करतो. मध्यंतरी स्वतःचं बिलबुक छापायला टाकलं तेव्हा प्रूफ घेऊन आला. छापखान्यावाल्याने ‘ओन्ली’ टाकला होता, पण चुकून पुढे: ‘सब्जेक्ट ओन्ली टू सुरत ज्युरिस्डिक्शन.’ चूक म्हणावी तर चूक नाही, पण कानाला खटकतं. रूढ जागा शेवटची. आम्ही दोघांनी ते लांब वाक्यच घालायचं ठरवलं, एक्सक्लुझिव्हवालं. छापखान्यातून संध्याकाळी फोन आला की ओळ दोन ओळींची झाली, खाली जागा उरत नाही, काय काढू? पोराने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये गुजरातीत सांगितलं, ‘थँक यू, व्हिजिट अगेन’ काढून टाका.